मांडीवरचं सूप

(दृश्य : निपाणी. पहाट. जुन्या वखारींच्या पत्र्यांवरून कॅमेरा हळूहळू गल्लीत उतरतो.)

निपाणीत पाऊल टाकलं की आपण कुठं आलो ते आधी नाकाला कळतं. तंबाखूचा वास इथल्या भिंतींत मुरलाय. बाहेरच्या माणसाला ठसका लागतो, इथल्याला त्याची जाणीवही होत नाही. बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पुणे-बेंगळुरू महामार्गावरचं हे गाव. कोगनोळीचा नाका ओलांडला की महाराष्ट्र.

काळ्या रानात विडीचा तंबाखू पिकवणारा हा पट्टा. इथल्या शेतकऱ्यांबद्दल, व्यापाऱ्यांबद्दल, वखारवाल्यांबद्दल पुष्कळ लिहून-बोलून झालंय. एप्रिल 1981 मध्ये तंबाखूच्या भावासाठी याच महामार्गावर ठाण मांडलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, त्याचीही नोंद झाली. आम्ही कॅमेरा घेऊन गेलो ते घरांच्या सोप्यात, जिथं बायका भिंतीला पाठ टेकून बसतात. आम्ही विचारत होतो लग्नाबद्दल, मुलांबद्दल. त्या सांगत होत्या विड्यांबद्दल. बऱ्याच वेळानं आमच्या लक्षात आलं, त्या आमच्याच प्रश्नाचं उत्तर देत होत्या.

(दृश्य : आजींचे हात, अगदी जवळून.)

या आजींनी ऐंशी ओलांडलीय. मांडीवर सूप, सुपात एका बाजूला जर्दा, दुसऱ्या बाजूला कापलेली पानं. पानं टेंभुर्णीची. आदल्या रात्री ती भिजवायची आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. कोरडं पान वळताना चिरतं, फार भिजलं तर काळं पडतं. सकाळी एकेक पान हातात घेऊन त्यावर पत्र्याचा फर्मा ठेवायचा आणि कडेकडेनं कात्री फिरवायची. जाड शीर मधे आली की विडी फुगते, म्हणून ती चुकवायची. मग कापलेलं पान तळहातावर घ्यायचं. त्यावर चिमूटभर जर्दा आडवा पसरायचा. अंगठ्यानं दाबत दाबत तिरकं गुंडाळत न्यायचं, म्हणजे एक टोक निमुळतं होतं. त्या टोकाला दोऱ्याचे वेढे द्यायचे आणि रुंद तोंड नखानं आत दुमडायचं.

आजींचा वेग आमच्या डोळ्यांना पकडता येईना, म्हणून हे दृश्य इथं संथ केलंय. दोरा कुठं तुटतो, ते संथ करूनही नीट दिसत नाही.

25 विड्यांचा एक कट्टा. 40 कट्टे म्हणजे हजार. मजुरी मिळते ती हजारावर. मान खाली घालून दिवसभर बसलं, मधे चूल, पाणी, पोरांचं हगणं-मुतणं केलं, तर हजार होतात, नाही तर नाही. संध्याकाळी माल ठेकेदाराकडं न्यायचा. तो एकेक कट्टा हातात फिरवणार, दाबून बघणार आणि न पटलेल्या विड्या बाजूला टाकणार. ती छाट. छाटीचे पैसे मिळत नाहीत. दिलेल्या पानांत हजार बसले नाहीत तर कमी पडलेली पानं पदरचे पैसे घालून आणायची. हे सगळं आजी तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. पोळी कशी लाटायची ते सांगावं, तसं सांगतात.

आजींचं लग्न झालं 1956 साली. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. गावाला कुणी विचारलं नव्हतं आणि आजींनाही. त्यांचं वय तेव्हा 13. कायद्यात मुलीचं किमान वय होतं 15.

(आजींचा आवाज) "मला काय कळतंय तवा? नवं लुगडं मिळालं म्हणून मी खूश झालो."

सात बाळंतपणं झाली, चार पोरं जगली. नवरा कामासाठी इचलकरंजीला गेला, यंत्रमागावर. आधी महिन्याला यायचा, मग सणाला, पुढं येईनासा झाला. तिकडं दुसरं घर मांडल्याचं गावात सगळ्यांना कळलं, तेव्हा आजी तिशीत होत्या. भाऊ न्यायला आला. म्हणाला, चल, पाट लावून देतो, माणूस चांगला आहे.

(आजींचा आवाज) "मी नको म्हटलो. हजाराची मजुरी माझ्या हातात येत होती. आता आणि कुणाचं जेवण रांधू?"

नवऱ्यानं टाकलेल्या बाईला सूप आधार झालं, एवढ्यावरून आम्ही तिला स्वतंत्र म्हणणार नाही. पदरात चार पोरं, पाठीशी कुणी नाही, अशा वेळी बसून राहण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता. पण पाटाचं स्थळ नाकारलं ते आजींनी. आपल्या लग्नाबद्दल त्यांचं मत कुणीतरी ऐकून घेतलं ते त्याच वेळी, आणि ते ऐकावं लागलं कारण त्यांच्या हातात पैसा होता. हे आम्हाला मोलाचं वाटतं, म्हणून फिल्ममध्ये त्याला इतका वेळ दिलाय.

(दृश्य : शेजारचं घर. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ. जगात, म्हणजे देवीच्या टोपलीत, बसवलेली मूर्ती.)

शेजारच्या मावशींना लहानपणीच सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलं होतं, म्हणजे देवदासी केलं होतं. घरात दुखणी सरेनात, म्हणून थोरल्या मुलीला मोती बांधले. लग्न करावं की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढं कधी आलाच नाही. मुलीला असं देवाला सोडायला कर्नाटकात 1982 च्या कायद्यानं बंदी आली. मावशी तोवर वखारीत जर्दा चाळायला लागल्या होत्या. मुलाला शाळेत घालताना बापाचं नाव विचारलं, तेव्हा त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं आणि तेच लिहून घ्यायला लावलं. मुलगा आज ट्रक चालवतो, आईचंच नाव लावतो.

(दृश्य : भिंतीवरचा मोर्चाचा जुना काळा-पांढरा फोटो.)

वखारीत खकाणा इतका उडायचा की समोरची बाई दिसायची नाही. तोंडाला पदर बांधून बायका चाळण्या हलवायच्या. 1980 च्या आसपास प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकारानं निपाणीतल्या वखारीतल्या आणि विडी वळणाऱ्या बायका संघटित झाल्या. फोटोत डावीकडून तिसऱ्या आहेत त्या आजी, कडेवर धाकटी पोर. विडी-सिगार कामगारांचा कायदा 1966 चाच. घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा त्या कायद्यानं कामगार ठरायची, तिला बाळंतपणाचा लाभ होता, छाटीच्या वादात दाद मागायची सोयही होती. पण कायदा होऊन कितीतरी वर्षं गेली तरी तो सोप्यापर्यंत पोचला नव्हता. मोर्चानं पोचवला. घोषणा द्यायला शिकलेली बाई घरात आली की बोलण्याचा सूरही बदलतो. आजी म्हणतात, तवापासून दीर माझ्यापुढं आवाज चढवायचा बंद झाला.

(दृश्य : सून पानं कापते आहे. कात्रीचा आवाज.)

आजींच्या सून, म्हणजे काकू, गडहिंग्लज भागातल्या. लग्न 1995 चं, वय 19. पाहण्याच्या कार्यक्रमात नाव, शिक्षण विचारून झालं आणि मग खरा प्रश्न आला : विड्या वळता येतात काय? हात चालतो काय? काकू हसून सांगतात की, त्यांनी तिथंच वळून दाखवल्या. विडीच्या पट्ट्यात ज्या पोरीचा हात चालतो तिला स्थळ लवकर मिळायचं. तिच्या हजाराकडं बघून सोयरीक जमायची. मजुरी यायची मात्र सासरच्या वहीत.

पहिली मुलगी झाली, दुसरीही मुलगीच. घरात कुजबुज सुरू झाली. गर्भातच मुलगा की मुलगी बघण्यावर 1994 च्या कायद्यानं बंदी होती, तरी "एकदा तपासून घ्या की" म्हणणारे भेटायचेच. नवऱ्याला मुलगा हवा होता. काकूंना थांबायचं होतं. आणि इथं या गोष्टीनं असं वळण घेतलं, ज्याची आम्हाला कल्पना नव्हती.

(काकूंचा आवाज) "रात्री पानं भिजवताना अत्ती म्हणाल्या, उद्या दवाखान्याला जाऊ. कुणाला सांगू नकोस गे."

सासूच घेऊन गेली. दवाखान्यात खिडकीवरच्या माणसानं विचारलं, नवऱ्याची सही कुठाय? मुलं थांबवायच्या ऑपरेशनला नवऱ्याची सही कायद्यानं लागत नाही, पण हे बायकांना सांगणार कोण? आजी खिडकीपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझी सही घ्या, सात वेळा मी बाळंत झालोय. सही म्हणजे अंगठाच. काकू आत गेल्या. बिनटाक्याचं ऑपरेशन झालं. बाहेर आजी दोन्ही नाती घेऊन बसल्या होत्या.

(दृश्य : सासू-सून शेजारी-शेजारी, दोघींच्या मांडीवर सूप. इथं निवेदन नाही.)

काकूंना आम्ही विचारलं, कधी वाईट वाटलं? त्यांनी लपवलं नाही. मुलगा असता तर बरं वाटलं असतं, म्हणाल्या. सणासुदीला अजून वाटतं. नवरा कितीतरी दिवस धड बोलत नव्हता. पण दोन्ही मुलींना विडी कामगारांच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती मिळाली. थोरली शिकून नर्स झाली, लग्न करून कोल्हापूरला गेली. धाकटीला तर काकूंनी सुपाला हात लावू दिला नाही. एकदा हौसेनं कात्री घेऊन बसली, तर पाठीत धपाटा घातला.

(दृश्य : निपाणी बसस्थानक. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडतो.)

ही धाकटी. वय 25. शिकत असताना रोज बसनं जायची : तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी, यमकनमर्डी आणि मग भूतरामनहट्टी, तिथं राणी चन्नम्मा विद्यापीठ. विद्यापीठ 2010 चं. त्याआधी तिथं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. जून 2023 पासून कर्नाटकात साध्या सरकारी बसचा प्रवास बायकांना मोफत झाला. घरातून निघताना भाड्यासाठी हात पसरायचा राहिला, की "कुठं चाललीस गे, कशाला?" हे प्रश्नही निम्मे होतात. या बसमध्ये आम्ही मुली बघितल्या, शेतमजूर बायका बघितल्या, कपाळावर भंडारा लावून सौंदत्तीला निघालेल्या म्हाताऱ्या बघितल्या. सगळ्यांच्या हातात तेच तिकीट.

ती एम.कॉम. झाली. एका सीएकडं काम करते, बँकेच्या परीक्षा देते. कागलकडून स्थळ आलंय. मुलगा तिला आवडलाय, हे ती स्वतःच सांगते. तरी होकार दिलेला नाही. तिनं मुलाला फोनवर विचारलं, परीक्षा पास झाले आणि पोस्टिंग कलबुर्गीला मिळालं, तर? मुलगा म्हणाला, बघू. तिला "बघू" पुरेसं वाटत नाही. आणखी एक अडचण आहे, ती हद्दीवरच्या मुलींच्या वाट्याला येते. जातीचा दाखला वडिलांच्या राज्याचा. लग्न करून कोगनोळीपलीकडं गेली की त्या दाखल्यावर महाराष्ट्रात राखीव जागा मागता येत नाही. रेशन कार्ड, मतदार यादी, सगळं नव्यानं. अलीकडं गृहलक्ष्मीचे महिना 2,000, पलीकडं लाडक्या बहिणीचे 1,500, हा हिशोबही बायका बसमध्ये बोटांवर करतात. आईच्या काळी कागलची मुलगी निपाणीत आणि निपाणीची कागलात सहज जायची. जेवणखाण, बोलणं, देवधर्म तोच. शिकलेल्या, नोकरी शोधणाऱ्या मुलीला आज ती हद्द टोचते.

मुलाबाळांचं काय, असं विचारलं तर म्हणते, "आत्ताच कशाला सांगू? वेळ आली की माझं मी ठरवीन."

आजींना हे पूर्ण पटलेलं नाही. एकटी म्हातारी होणार काय पोरगी, म्हणतात. एकटं म्हातारपण कसं असतं, ते त्यांच्याइतकं या घरात कुणाला ठाऊक आहे? नात त्यांच्याशी वाद घालत नाही. कागलच्या मंडळींकडं तिनं परीक्षेचा निकाल लागेपर्यंत वेळ मागितलाय. वडिलांनी स्वतः फोन करून तसं कळवलं.

(दृश्य : विडीची भट्टी, पुड्यांवर लेबलं. मग रिकामी वखार, दाराला कुलूप.)

तंबाखूनं छाती जाते, वाकून वाकून पाठ जाते, आजींची बोटं आता सरळ होत नाहीत. 2017 मध्ये विडीवर 28 टक्के जीएसटी बसला. काकू सांगतात, आता आठवड्यातले काही दिवसच पान मिळतं.

(दृश्य : मोबाईलवर अर्ज भरणारी नात. शेजारी काकू, पिशवीतून कागद काढताना.)

काकूंच्या पंचवीसेक वर्षांच्या मजुरीतली कपात पीएफच्या खात्यावर आहे. पण कार्डावर नाव माहेरचं, आधारवर सासरचं. कन्नडमधून इंग्रजीत आणलेलं आडनाव एक, मराठीतून आणलेलं दुसरं. नाव जुळत नाही म्हणून पैसे अडतात, पेन्शन अडते. 2014 पासून या पेन्शनची किमान रक्कम महिना 1,000 आहे, तेवढीही अनेक जणींच्या हातात पडत नाही. आजींचं तर खातंच कधी उघडलं नव्हतं. आयुष्यभर विड्या वळून त्यांच्याकडं कामाचा पुरावा म्हणून आहे तो मोर्चाचा फोटो.

ज्या मजुरीवर तीन पिढ्यांनी लग्नाला, बाळंतपणाला, परक्या घराला नाही म्हणायची ताकद मिळवली, ती मजुरी आधी कागदावर आली पाहिजे. घरी बसून विड्या वळणाऱ्या प्रत्येक बाईला ओळखपत्र मिळावं. नावातली दुरुस्ती गावातच शिबिर लावून करून द्यावी. अर्ज कन्नडबरोबर मराठीतही असावा. नातीनं भरलेल्या अर्जाला जोडपत्र कमी पडलं होतं, ते काकूंनी माहेरच्या शाळेतून आणलंय. अर्ज पुन्हा पाठवलाय.