शाळेचा सण कुणाच्या हातचा?

(साताऱ्यात माध्यमिक शिक्षक आणि पालकांसमोर एका निवृत्त शिक्षिकेने केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

नमस्कार मंडळी. मागे दहावीची काही मुलं उभी दिसताहेत. आधी त्यांना बसायला जागा करून द्या, आजचा विषय त्यांचाच आहे.

साताऱ्यात शाळेबद्दल बोलायचं म्हटलं की मला पहिल्यांदा ७ नोव्हेंबर १९०० हा दिवस आठवतो. राजवाड्याजवळच्या सरकारी शाळेत त्या दिवशी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. तीच आजची प्रतापसिंह हायस्कूल. २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. पुष्कळदा तो दिवाळीच्या सुट्टीला लागून येतो, त्यामुळे फोटोला हार, दोन भाषणं आणि घंटा, एवढ्यावर उरकतो. मला त्याचं वाईट वाटतं. ज्या मुलाला शाळेत वेगळं बसावं लागलं, पाण्याच्या भांड्याला हात लावता आला नाही, त्याचा हा दिवस आहे. त्या दिवशी तरी आपण आपल्या शाळेकडे नीट बघावं. आपल्याकडे पंगत बसते तेव्हा वाढायला कोण उभं असतं? आचाऱ्याच्या हाताखाली कोण? रांगोळीला दरवर्षी त्याच चार मुली का? आणि सतरंज्या उचलायला दरवर्षी तीच चार मुलं का?

या प्रश्नाचं उत्तर आपल्या जिल्ह्यानं फार पूर्वी देऊन ठेवलंय. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. सगळ्या जातीधर्मांची मुलं तिथं एकत्र राहायची, मिळून स्वयंपाक करायची, एका पंगतीला जेवायची. सणावाराला पोरांच्या ताटात काही पडावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. २२ सप्टेंबरला कर्मवीर जयंतीची मिरवणूक निघते, मुलं लेझीम खेळतात, झांजपथक वाजतं. छानच आहे ते, मला मनापासून आवडतं. पण मिरवणूक संपल्यावर त्या दिवशीचं जेवण मुलांनी स्वतः रांधावं, असं मी प्रत्येक ठिकाणी सांगत आले आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. शाळेतला सण ज्यांच्या हातून होतो, त्यांचा होतो. बाकीचे प्रेक्षक असतात. म्हणून कुठला सण करायचा यापेक्षा कामं कुणाला वाटायची, याचा विचार शिक्षकांनी जास्त करावा.

आपल्या भागात शिवाराचं वर्ष आणि शाळेचं वर्ष बरोबरीनं चालतं. जूनमध्ये शाळा भरते तेव्हा पेरणीची धांदल. मग पालखी लोणंद, तरडगाव, फलटण करत पुढे जाते आणि शाळेशाळेतून छोट्या दिंड्या निघतात. आषाढी पौर्णिमेला बेंदूर, बैलांचा सण. त्या दिवशी वर्गात निम्मी मुलं नसतात, आणि आम्ही त्यांच्यावर गैरहजेरीचा शिक्का मारतो. अहो, आदल्या दिवशी खांदेमळणी, मग बैल धुणं, शिंगं रंगवणं, संध्याकाळी वेशीत कर तोडणं, हे सगळं त्या पोरानं केलेलं असतं. चित्रकलेच्या तासाला मातीचे बैल करायला घ्या आणि मग बघा वशिंड कुणाला जमतं, कुणाला नाही. आता गोठ्यात बैलाऐवजी ट्रॅक्टर उभा आहे हे खरं. तरी आजोबांना विचारून बैलाचं मोजमाप आणणारी मुलं मी पाहिली आहेत.

हस्त नक्षत्र लागलं की हादगा. खरा हादगा सोळा दिवसांचा, रोज एक खिरापत वाढत जाणारा. शाळेत आपण तो एका दुपारी करतो. भिंतीला हत्तीचं चित्र, वर फळांची माळ, भोवती मुलींचा फेर. मी कोरेगाव तालुक्यात शिकवत होते तेव्हाची गोष्ट सांगते. आठवीत एक मुलगी होती. तोंडातून शब्द निघायचा नाही, हजेरीलासुद्धा नुसता हात वर. हादग्याला तिनं झाकण घट्ट लावलेला पितळी डबा आणला. मुली ओळखायला लागल्या. लाडू? नाही. वडी? नाही. शिरा, चिवडा, करंजी, सगळं झालं. तिखट की गोड, विचारलं तर म्हणाली, दोन्ही नाही. डबा हलवून दाखव म्हटलं तर आतून धड खुळखुळ नाही, धड गप्प नाही. पोरी हरल्या. तिनं झाकण काढलं, तर आत मीठ घालून उकडलेल्या ओल्या भुईमुगाच्या शेंगा! सकाळीच रानातून उपटून आणलेल्या. त्या दुपारी सगळ्यात आधी संपलेली खिरापत तीच. दुसऱ्या दिवशी ती मुलगी वर्गात एकदम बोलकी झाली असं मी सांगणार नाही, तसं काही झालं नाही. पण डब्यात काय आहे हे अख्ख्या वर्गाला तिनं सांगितलं, आणि तेवढा वेळ सगळे तिच्याकडे बघत होते.

दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. गावाबाहेर त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. त्यातली काही मुलं आपल्या शाळेत येतात, काही नुसती कुंपणापाशी थांबतात. हंगाम उठला की ती परत जाणार. म्हणजे शाळेचे हिवाळ्यातले सगळे सण त्यांच्या मुक्कामात येतात. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगी या मुलांना सामील करून घ्यायला फार सोयीची आहे. 'न खाई भोगी तो सदा रोगी' म्हणतात. प्रत्येकानं घरून थोडं काही आणायचं: पावटा, गाजर, वांगं, ओला हरभरा, बोरं, मूठभर तीळ. ज्याच्याकडे काहीच नाही त्यानं चुलीला जळण घालायचं. आणि बाजरीची भाकरी? ती थापायला मी नेहमी कोपीवरच्या मुलींना पुढे बसवलं, कारण बारा-तेरा वर्षांच्या त्या पोरी रोज घरी तेच करत असतात आणि आमच्या गावातल्या मुलींना काठ फुटू न देता भाकरी येत नाही. मात्र त्यांच्या शेजारी नववीची मुलं परातीला बसली पाहिजेत. नाहीतर राबणाऱ्या मुलींनाच पुन्हा राबवल्यासारखं होईल.

पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो, हेही लक्षात घ्या. नववी-दहावीची मुलं एरवी शाळेत एकत्र जेवतच नाहीत. भोगीची पंगत त्यांच्यासाठी फार मोलाची आहे.

आता स्नेहसंमेलन. इथं मी थोडी कडक बोलणार आहे. भाड्याचे ड्रेस, बाहेरून आणलेला नाच बसवणारा, छाती धडधडवणारा साउंड, आणि त्यासाठी मुलांकडून वर्गणी. ज्या घरात ड्रेसचे पैसे नाहीत ती मुलगी 'मला नाचायला आवडत नाही' असं सांगते आणि आपण ते खरं मानतो. याच जिल्ह्यात इंग्रज राजवटीला समांतर चाललेल्या प्रतिसरकारच्या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांनी लग्नंसुद्धा हार घालून, बिनखर्चाची लावून दाखवली. आपल्याला एक संमेलन साधेपणानं करता येऊ नये?

त्यापेक्षा त्याच आठवड्यात आनंद बाजार भरवा. पटांगणात पोती अंथरायची, मुलांनी घरची मेथी, कोथिंबीर, पेरू, चटणी, वड्या विकायच्या. आमच्या बाजारात नववीतला एक मुलगा गणितात कायम नापास व्हायचा. मेथीची जुडी पंधराला, दोन घेतल्या तर पंचवीस. मी पन्नासची नोट दिली आणि चार जुड्या मागितल्या. त्यानं नोट खिशात घातली, चार जुड्या पिशवीत टाकल्या, आणि वर कोथिंबिरीच्या चार काड्या ठेवत म्हणाला, "बाई, हिशेब मिटला." त्याच्या बापाचा आठवडी बाजारात गाळा होता. पुढच्या सोमवारी शेकडेवारीचा धडा मी त्या जुड्यांवरूनच घेतला, आणि फळ्याजवळ त्यालाच उभं केलं.

अभ्यासाचं काय, असं पालक विचारतात. बरोबर विचारतात. सहावी ते आठवीला शिक्षण हक्क कायद्यानं वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरलीच पाहिजे, आणि दहावीची परीक्षा कुणासाठी थांबत नाही. म्हणून तयारी कार्यानुभव आणि चित्रकलेच्या तासात बसवा, आणि मोठे कार्यक्रम जानेवारीत संपवा. पण दहावीच्या मुलांना यातून पूर्ण बाहेर काढू नका. हिशेबाची वही त्यांच्याकडे द्या, संध्याकाळी अर्ध्या तासाचं काम असतं. यशवंतराव चव्हाण कराडच्या टिळक हायस्कुलात शिकत होते तेव्हा, १९३२ साली, तिरंगा फडकवल्याबद्दल त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. त्या वयाच्या मुलांवर किती भार टाकता येतो, हे या मातीला नव्यानं सांगायला नको.

शेवटी एक कामाची गोष्ट. हिवाळ्यातल्या कार्यक्रमांची कामवाटप यादी दिवाळीच्या सुट्टीआधीच फलकावर लावा. स्वयंपाक, वाढणं, झाडलोट, रांगोळी, हिशेब, सगळ्यांत मुलगे आणि मुली दोन्ही हवेत, आणि गेल्या वर्षीचं काम यंदा बदललेलं हवं. यादीच्या खालच्या काही ओळी कोऱ्या ठेवा. टोळ्या उतरल्या की त्या मुलांची नावं तिथं लिहायची आहेत.