चौसष्ट घरांचा श्लोक

नमस्कार श्रोतेहो. जमलं तर कागद-पेन्सिल जवळ घ्या. डोळ्यांनी वाचायच्या कवितांचा संग्रह हा आजचा विषय आहे. तो रेडिओवर सांगायचा, तर अर्धं काम तुमच्याकडेच येणार.

कागदावर बुद्धिबळाच्या पटाइतकी, म्हणजे आठ गुणिले आठ अशी चौसष्ट घरं आखा. मी माघ कवीचा, सातव्या शतकातला एक श्लोक सांगते. तो त्याच्या ‘शिशुपालवध’ या महाकाव्याच्या १९व्या सर्गात आहे. एका घरात एक अक्षर लिहा. पहिली ओळ: स का र ना, ना र का स. दुसरी: का य सा द, द सा य का. तिसरी: र सा ह वा, वा ह सा र. चौथी: ना द वा द, द वा द ना. खालच्या चार ओळींत हेच चार चरण उलट्या क्रमानं भरा. म्हणजे चौथा आधी आणि पहिला सगळ्यात शेवटी.

आता डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, वरून खाली या, खालून वर जा. श्लोक तोच राहतो. या रचनेला सर्वतोभद्र म्हणतात. आणि त्याला अर्थही आहे, बरं का. युद्धाची गोडी असलेल्या सेनेचं ते वर्णन आहे. तिचे बाण शत्रूंची शरीरं संपवतात आणि तिची वाद्यं उत्तम घोड्यांच्या आवाजाशी वाद घालतात. अर्थ लावताना टीकाकाराला, म्हणजे श्लोक उलगडून सांगणाऱ्याला, घाम फुटतो, हे खरं आहे. पण तो लागतो.

अक्षरांच्या अशा खेळाला आपल्याकडे चित्रकाव्य म्हणतात, आणि त्यातल्या ठरावीक आकृतीला बंध. त्याचा संग्रह करणाऱ्याची अडचण इथेच सुरू होते. साध्या छापील पुस्तकात हा श्लोक इतर कुठल्याही श्लोकासारखा दोन ओळींत बसलेला असतो. चौकोन कुठेच नसतो. पद्मबंधातलं कमळ, खड्गबंधातली तलवार, मृदंगाच्या वादीसारखा तिरका वाचायचा मुरजबंध, सगळ्यांची हीच गत. गोमूत्रिका तर नावापासूनच भन्नाट आहे. चालता चालता बैल मुतला की मातीत जी नागमोडी रेघ उमटते, तशी वरच्या ओळीतून खालच्या ओळीत आणि पुन्हा वर अशी अक्षरं वेचत जायचं. पण हे टीकाकारानं सांगितलं तर कळणार. नुसता श्लोक वहीत उतरवून घेतला, तर बंध हातातून निसटलाच.

युरोपात मामला वेगळा आहे. फ्रेंच कवी आपोलिनेर यांच्या पावसावरच्या कवितेत अक्षरं कागदावर वरून खाली तिरकी ओघळतात. तिथे कागद जपला की कविता जपली. अमेरिकेत मायामी बीचला रूथ आणि मार्विन सॅकनर या जोडप्यानं १९७९ साली अशा दृश्यकवितांचा संग्रह सुरू केला. मार्विन पेशानं फुफ्फुसांचे डॉक्टर. संग्रह वाढत वाढत सुमारे ७५,००० वस्तूंवर गेला आणि २०१९ साली आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात पोचला. त्याच देशातल्या डिक हिगिन्स यांचा मार्ग मला अधिक जवळचा वाटतो. जगभरच्या जुन्या आकारकवितांचा माग काढून त्यांनी १९८७ साली ग्रंथ काढला आणि संस्कृतसाठी कलानाथ झा यांना लिहितं केलं. झा यांचा स्वतःचा ग्रंथ १९७५चा आहे. जाणकाराशिवाय संस्कृत बंध हाती लागत नाहीत, हे हिगिन्सना उमगलं होतं.

आपल्या साहित्यशास्त्रानं या प्रकाराला फारसा मान दिला नाही. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं तर सांगूनच टाकलं, की चित्रकाव्य हे खरं काव्य नव्हे, ती काव्याची नक्कल आहे. आणि याच गृहस्थांनी ‘देवीशतक’ लिहिलं, ते अशाच बंधांनी भरलेलं! मला यात विसंगती दिसत नाही. देवीपुढे मांडलेला खेळ आणि रसिकांपुढे ठेवलेलं काव्य, ही खाती त्यानं वेगळी ठेवली असावीत.

मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे आपल्यावर इथे मोठे उपकार आहेत. त्यांच्या ‘काव्यमाला’ या ग्रंथमालेत १८८६ साली रुद्रटाचा ‘काव्यालंकार’ हा काव्यशास्त्राचा ग्रंथ निघाला, तोही अकराव्या शतकातल्या नमिसाधूच्या टीकेसह. त्यात तुरगपद नावाचा बंध आहे. अर्ध्या पटाच्या बत्तीस घरांत अक्षरं मांडायची. सरळ वाचा किंवा बुद्धिबळातल्या घोड्याच्या अडीच घरांच्या उड्यांनी वाचा, श्लोक एकच. जुन्या वाचनालयांत काव्यमालेचे खंड अजून सापडतात. कागद पार ठिसूळ झालेला असतो, तेव्हा पानं जपून उलटा.

काही आकार दगडातही आहेत. धारच्या भोजशाळेत आणि उज्जैनच्या महाकाल मंदिरात सर्पबंध कोरलेले आहेत. सापाच्या वेटोळ्यांत वर्णमाला आणि व्याकरणाचे प्रत्यय बसवलेत. ही कविता नव्हे, हे मान्य. तरीही मी ते संग्रहात घेईन.

मोरोपंतांच्या निरोष्ठ रामायणापाशी मात्र मी अडते. प, फ, ब, भ, म ही ओठांची व्यंजनं टाळून रामकथा सांगायची! म्हणजे खुद्द ‘राम’ हे नाव घ्यायची चोरी. कसरत अफाट, पण पाहण्याजोगं त्यात काही नाही. ते वेगळ्या कप्प्यात.

आधुनिक काळात र. कृ. जोशी हे नाव घ्यायलाच हवं. कवी, सुलेखनकार आणि अक्षररचनाकार. संगणकावरचा ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांच्या हातचा, म्हणजे तुम्ही त्यांचं अक्षर रोज पाहिलेलं असण्याचा संभव आहे. अरुण कोलटकरही जाहिरातक्षेत्रातले चित्रकार. त्यांच्या ‘जेजुरी’ या कवितासंग्रहात ज्वारीच्या शेतात नाचणारे कोंबडे-कोंबड्या येतात, तेव्हा त्यांचे शब्दही पानभर वरखाली उड्या मारतात.

घराघरांतून अक्षरगणेश असतात, मारुतीच्या आकारात लिहिलेली हनुमान चालीसा असते. त्यांना नाक मुरडू नका. तेही उचला.

संग्रह करायचाच, तर एका बंधाला तीन कागद लागतात. पहिल्यावर श्लोक सरळ ओळीत. दुसऱ्यावर आकृती, आणि तिच्यात अक्षरं कोणत्या क्रमानं वाचायची त्याचे आकडे. तिसऱ्यावर अर्थ आणि टीकाकाराचं नाव. कुठल्या आवृत्तीतून घेतलं ते पानाच्या आकड्यासह लिहा, कारण पाठभेदानं एक अक्षर बदललं तरी सगळा बंध मोडतो. मघाशी आखलेल्या चौकोनात कुठे अक्षर जुळत नसेल, तर आधी तिसरी ओळ तपासा. ‘वा’चा काना हमखास राहून जातो.