चार्जिंगच्या तारखेपासून उलटं मोजा

मित्रहो, वारीचं वेळापत्रक कधी नीट पाहिलंय का? आषाढ शुद्ध दशमीला पालख्या पंढरपुरात पोचायच्या, ही तिथी हलत नाही. म्हणून मुक्काम, विसावे, रिंगणं तिथून मागं मोजत येतात आणि आळंदीहून निघायचा दिवस त्यातून निघतो. आपल्या विजेच्या कामांच्या धंद्यात याच्या उलट चालतं. वर्क ऑर्डर हातात पडली की साइट सर्व्हे, मग मार्किंग, मग कंड्युट (वायरच्या नळ्या) असं वरून खाली लिहीत जायचं आणि टेस्टिंग-कमिशनिंगला, म्हणजे चाचण्या घेऊन पहिल्यांदा वीज सोडायला (हेच चार्जिंग), तळाशी उरतील ते आठ दिवस द्यायचे.

आज एक कारखाना धरू. पुण्याकडचा, एमआयडीसीतला मध्यम प्लांट, महावितरणचा पुरवठा 22 केव्हीवर. मालकाला 1 ऑक्टोबरला उत्पादन हवंय. यंत्रांचा जोडभार, म्हणजे सगळ्यांच्या क्षमतेची बेरीज, 1,400 किलोवॅट. सगळी यंत्रं एकाच वेळी पूर्ण भारावर चालत नाहीत, म्हणून 0.6 ने गुणू: 840 किलोवॅट. पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा, 0.95 धरला तर 840 ला त्यानं भागून 884 केव्हीए. म्हणजे 1,000 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर. हिशेब पाच मिनिटांचा आहे. पण तो 1,400 चा आकडा देणार कोण? यंत्रं पुरवणारा. आणि त्याची ऑर्डर मालकानं अजून पक्कीच केलेली नसते.

आता मागं मोजा. 1 ऑक्टोबरच्या आधी महावितरणचं मीटरिंग क्युबिकल (वीज मोजणारं कपाट) तपासून बसायला हवं. त्याच्या आधी विद्युत निरीक्षकांची तपासणी आणि वीजप्रवाह सुरू करायची परवानगी. निरीक्षक येतात ते पूर्ण झालेलं काम बघायला. 'पुढच्या आठवड्यात बसवतो साहेब' तिथं चालत नाही. म्हणजे ऑगस्ट संपायच्या आत ट्रान्सफॉर्मर, पॅनेल (वीज वाटणारी, ब्रेकर बसवलेली कपाटं), अर्थिंग सगळं जागेवर. पॅनेल भर पावसात पॅनेल रूममध्ये येणार, म्हणजे त्या खोलीला तोवर दारं-खिडक्या, प्लास्टर, छताचं वॉटरप्रूफिंग हवं. ओल्या खोलीत ठेवलेल्या पॅनेलचं मेगर रीडिंग, म्हणजे इन्सुलेशनच्या रोधाचं माप, खाली येतं आणि मग हीटर लावून, दिवे पेटवून पॅनेल वाळवत बसायची वेळ येते. पॅनेल बनायला साधारण तीन महिने लागतात. त्याआधी ड्रॉइंगच्या मंजुरीच्या दोन-तीन फेऱ्या. म्हणजे ऑर्डर मार्चमध्ये आणि लोड लिस्ट, म्हणजे यंत्रांच्या भाराची यादी, फेब्रुवारीत. शिवाय 22 केव्हीची केबल रस्ता ओलांडून येणार असेल, तर ती खोदाई पावसाळ्याआधी उरका. आयएस 1255 या भारतीय मानकाप्रमाणे ही केबल 1.05 मीटर खोल टाकायची असते, आणि जूनमध्ये एवढा चर म्हणजे ओढा. पाऊस तोंडावर आला की खोदाईची परवानगी मिळणंही अवघड होतं.

तर कामाची खरी ओढाताण फेब्रुवारीत आहे, सप्टेंबरमध्ये नाही. सप्टेंबरमध्ये जी धावपळ दिसते ती फेब्रुवारीची थकबाकी असते.

टेंडर, दर, तुलनातक्ते यांवर मी फार बोलणार नाही, ते तुम्हाला पाठ आहे. एवढंच सांगतो, की बीओक्यूत (कामांच्या परिमाणांच्या यादीत) 'कम्प्लीट इन ऑल रिस्पेक्ट्स', म्हणजे 'सर्व बाबतींत पूर्ण', एवढंच लिहून कुणाचंही भलं होत नाही. भांडण तिथंच पेरलेलं असतं.

खरा वेळ द्यायचा तो सिव्हिलवाल्यांबरोबरच्या बैठकांना. एक साधी गोष्ट घ्या. आपला 1,000 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर 433 व्होल्टच्या बाजूला 1,333 अँपिअर देतो. तिथून मेन पॅनेलपर्यंत बसडक्ट (पेटीत बसवलेल्या धातूच्या पट्ट्या) न घेता केबल घेतली, तर साडेतीन कोअर (तीन पूर्ण तारा आणि न्यूट्रलची एक बारीक) 300 चौरस मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियम केबलच्या चार-पाच समांतर रन लागतात. एकेका केबलचा व्यास सहा-सात सेंटिमीटर. ही केबल वळवताना वळणाची त्रिज्या व्यासाच्या निदान बारा पट ठेवावी लागते. म्हणजे पाऊण मीटरच्या आसपास. आता सिव्हिलच्या ड्रॉइंगमध्ये ट्रेंच बघा: 60 सेंटिमीटर रुंद, 60 खोल, आणि कोपऱ्यात काटकोनात वळलेला. त्या कोपऱ्यात केबल बसत नाही. मग पोरं पहारीनं रेटतात, आर्मर (केबलवरचं पोलादी कवच) उघडतं, आवरण ताणलं जातं. त्या दिवशी काही होत नाही. मेगरही पास होतो. कोपरा आतून तिरका कापलेला, सिव्हिलच्या भाषेत चॅम्फर केलेला, दाखवायला ड्रॉइंगवर एक रेघ पुरते. काँक्रीट भरल्यावर त्याच रेघेसाठी ब्रेकर लागतो, आणि एक्स्ट्रा आयटमचं बिल कुणी भरायचं यावर तीन पत्रं.

तसंच बीमचं. बीममधून केबल न्यायची असेल तर स्लीव्ह (केबलसाठी आरपार नळी) स्लॅब भरायच्या आधी ठेवायची, आरसीसी डिझायनरला विचारून. नंतर कोअर कटिंगचं मशीन लावून बीमला भोक पाडणारा इलेक्ट्रिशियन मी पाहिलाय. सळई कापली गेली तेव्हा 'जरा कडक लागलं' म्हणाला.

(श्रोत्यांतून प्रश्न: इमारतीच्या कामात हेच लागू पडतं का?)

तिथं जास्तच. एक महत्त्वाची भर घालतो. निवासी किंवा व्यापारी इमारतीच्या आत ट्रान्सफॉर्मर ठेवायचा असेल, तर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार तो ड्राय टाइपच लागतो. तेलाचा चालत नाही. दोघांच्या किमतीत बराच फरक आहे. हे वास्तुविशारदाला प्लॅन पास करण्यापूर्वी सांगितलं, तर तो ट्रान्सफॉर्मर बाहेर ठेवायला जागा काढतो. नंतर सांगितलं तर तिथं पार्किंग विकलेलं असतं.

आता चार्जिंगचा दिवस. त्या दिवशी साइटवर हुकूम देणारा माणूस एकच हवा, आणि आयसोलेटरच्या (पुरवठा तोडणाऱ्या स्विचच्या) कुलपाची किल्ली त्याच्याच खिशात. मालक, त्याचा भाऊ, पॅनेल कंपनीचा इंजिनिअर, सगळे बोलायला लागले की हात थरथरतात. आधी बघायचं ते न्यूट्रल. ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल दोन स्वतंत्र जोडण्यांनी जमिनीत गेलाय ना? ब्रीदरमधलं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये जाणारी हवा कोरडी करणाऱ्या डबीतलं, सिलिका जेल निळं आहे की ओल धरून गुलाबी झालंय? काम करताना लावलेले तात्पुरते अर्थिंगचे क्लँप मोजून काढले का? मोजून म्हणतोय, बघून नाही. जितके लावले तितके हातात आले पाहिजेत. मग एलटीचा, म्हणजे 433 व्होल्टच्या बाजूचा, ब्रेकर उघडा ठेवून ट्रान्सफॉर्मर चार्ज करायचा आणि बिनभाराचा दिवसभर तरी चालू द्यायचा. आवाज ऐका, बुखोल्झमध्ये (ट्रान्सफॉर्मरच्या आतला बिघाड गॅसवरून ओळखणाऱ्या रिलेत) गॅस जमतोय का बघा. मग एलटीला व्होल्टेज, आणि फेज सीक्वेन्स मीटर लावून आर-वाय-बी, म्हणजे तिन्ही फेजचा, क्रम. हा क्रम न बघता पंप चालू केला की तो उलटा फिरतो, पाणी येत नाही, आणि सगळे फूटव्हॉल्व्हला दोष देतात.

हस्तांतराची फाइल चार्जिंगनंतर जमवायला बसू नका. ॲज-बिल्ट ड्रॉइंग खरं तर प्रत्यक्ष झालेल्या कामाचं असायला हवं; पण ते म्हणजे टेंडरचं ड्रॉइंग शिक्का बदलून दिलेलं, असं सर्रास चालतं. चर बुजवायच्या आधी वायरमनला मोबाइलवर फोटो काढायला लावा, भिंतीपासून टेप धरून. पुढं कुणीतरी तिथं जेसीबी घालणारच आहे.

शेवटचा मुद्दा थर्मोग्राफीचा, म्हणजे कॅमेऱ्यानं तापलेले जोड शोधण्याचा. हस्तांतराच्या दिवशी प्लांटवर भार असतो पाचवा हिस्सा. सैल जोडाची उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. भार पाचपट झाला की त्याच जोडात पंचवीसपट उष्णता. त्यामुळे चार्जिंगच्या दिवशी सगळे लग (केबलच्या टोकाचे जोड) थंड लागतात, याला काही अर्थ नाही. उत्पादन पूर्ण चालू झाल्यावर, दोष-निवारणाच्या मुदतीत, इन्फ्रारेड कॅमेरा घेऊन एक फेरी मारायची आणि टॉर्क रेंचनं बोल्ट पुन्हा तपासायचे. ही फेरी टेंडरमध्येच स्वतंत्र आयटम म्हणून टाका, नाहीतर तेव्हा परत यायला कुणी तयार नसतं. काही ठेकेदार त्या ओळीत दर शून्य भरतात. अशाला ऑर्डर देण्यापूर्वी विचारा, कॅमेरा आहे का तुझ्याकडे, आणि दाखव.