सुटेल असा सांधा

(‘घरच्या घरी चिनीमातीची डागडुजी’ या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी एक आवाज ऐका. हा कप बोटांच्या टोकांवर अलगद धरते आणि काठावर नखानं टिचकी मारते. खण्ण! आता हा दुसरा. त्याच जोडीतला, दिसायला अगदी सारखा. बद्द. मागच्या रांगेपर्यंत पोचला ना फरक? या दुसऱ्याच्या कानाखाली केसाएवढा तडा आहे. कपाच्या कानाखाली म्हणतेय मी, दचकू नका. (हशा) डोळ्याला न दिसणारा तडा असा कानाला कळतो. भांडं हाती आलं की पहिली तपासणी हीच.

आता हात वर करा. फुटलेली एखादी वस्तू टाकवत नाही म्हणून कागदात गुंडाळून कपाटात मागे ठेवलीय, असं कोणाकोणाकडे आहे? बघा, निम्मं सभागृह. म्हणजे मी योग्य जागी आले.

पाच पायऱ्या सांगायचं कबूल केलंय, त्या सांगणारच. पण एक गोष्ट बरीच वर्षं माझ्या मनात घर करून आहे. ती आधी सांगू द्या, नाहीतर पायऱ्या पाठ होतील आणि चढाल भलत्याच जिन्यानं. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असतो, ‘कायमचं चिकटेल असं काय वापरू?’ हा प्रश्नच बदलायला हवा. आपण केलेला सांधा उद्या कोणालातरी सोडवता आला पाहिजे. आपलं चुकू शकतं. गोंद पिवळा पडतो, हरवलेली कपची दोन वर्षांनी सोफ्याखाली सापडते, आपल्यापेक्षा चांगल्या हाताचं माणूस पुढे येतं. त्या माणसासाठी दार उघडं ठेवायचं.

हे मला कोणी शिकवलं ते सांगते. माझ्या आत्याकडे एक फुलदाणी होती. वीतभर उंच, पांढऱ्या पोर्सेलिनवर निळ्या रंगात एक फांदी, आणि फांदीवर मान मुरडून मागे बघणारा पक्षी. लहानपणी मला वाटायचं, मी खोलीत कुठेही गेले तरी तो माझ्याकडेच बघतोय. एकदा ती पडली आणि वरच्या भागाचे तीन तुकडे झाले. तीनच, तेही स्वच्छ तुटलेले. आत्यानं ती एका दुरुस्ती करणाऱ्याकडे दिली. महिन्याभरानं परत आली, तर जोड कुठे आहे तेच कोणाला दिसेना. आलागेला प्रत्येक जण उचलून बघायचा, वाहवा करायचा. आत्या मात्र गप्प. मला एकटीला म्हणाली, “छान झालीय गं, पण हा आपला पक्षी नाही.” आम्ही तिला वेड्यात काढलं.

पुढे दहा-बारा वर्षांनी फुलदाणीच्या गळ्याभोवती तीन बोटं रुंदीचा पट्टा पिवळट दिसायला लागला. तोवर मी हे काम शिकायला लागले होते. कापसाचा बोळा ॲसिटोन या रंग विरघळवणाऱ्या द्रवात बुडवून, पिळून, एका कोपऱ्यात नुसता टेकवला. बोळा निळा झाला. वरची ती चकाकी ओल्या साबणासारखी मऊ होऊन निघून आली. ती भट्टीत पक्की झालेली काचेसारखी झिलई नव्हतीच, रंग आणि वार्निश होतं. खाली भेग होती केसाएवढी. पण भेगेच्या दोन्ही बाजूंची मूळ झिलई बोटभर रुंदीत घासून काढलेली. जोडाची पायरी, म्हणजे एक कड वर आणि एक खाली राहते ती, लपावी म्हणून आणि नवा रंग नीट धरावा म्हणून. झिलईबरोबर तिच्याखालची निळाईही गेली, आणि त्यात पक्ष्याचं डोकं गेलं. वरून जे नवं डोकं रंगवलं होतं ते सरळ पुढे बघत होतं. आत्याच्या एका जुन्या फोटोत मागच्या टेबलावर ती फुलदाणी आहे. भिंग लावून पाहिलं. मान मुरडलेली. तोवर आत्या गेली होती. ‘तुझंच खरं होतं’ हे तिला सांगायचं राहून गेलं, ते आजही सलतं.

तडा अपघातानं गेला होता, डोकं मात्र दुरुस्तीनं गेलं. राग येतो तो याचा. जोड दिसला असता तर काय बिघडलं असतं?

याच्या उलट एक उदाहरण. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोर्टलंड व्हास नावाचं रोमन काळातलं काचपात्र आहे. काच आहे, चिनीमाती नाही, पण धडा तोच. फेब्रुवारी १८४५ मध्ये एका माणसानं ते फोडलं. पार चक्काचूर. जॉन डबलडे यांनी त्याच वर्षी ते पुन्हा उभं केलं, पण ३७ बारीक कपच्यांची जागा त्यांना सापडली नाही. शंभर वर्षांनी, १९४८-४९ मध्ये, तो जोड उकलून नव्यानं जोडला आणि ३७ पैकी तीन कपच्या बसल्या. पुढे १९८८-८९ मध्ये पुन्हा उकललं, आणि उरलेल्यांपैकी आणखी काही जागेवर गेल्या. पहिला सांधा न सुटणारा असता, किंवा तुकड्यांच्या कडा घासून ‘नीट’ केल्या असत्या, तर त्या कपच्या आजही डबीतच पडल्या असत्या. डबलडेंचा गोंद टिकला नाही म्हणून त्यांना नावं ठेवू नका. मी तर त्यांना हात जोडते.

किंत्सुगीबद्दल, म्हणजे फुटलेली भांडी सोनेरी रेघेनं जोडण्याच्या जपानी कलेबद्दल विचारणार आहात, तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. सोन्याची ती रेघ सुंदरच, आणि जोड लपवायचा नाही हा तिच्यातला विचार मला मनापासून पटतो. पण खऱ्या किंत्सुगीत चिकटवण्याचं काम सोनं करत नाही. ते करतो उरुशी नावाचा झाडाचा चीक, आणि सोनं येतं अगदी शेवटी, वरच्या थरावर. हा चीक कोरड्या हवेत वाळत नाही, त्याला दमट आणि उबदार हवा लागते. थरावर थर देत काम आठवडेच्या आठवडे चालतं. आणि उरुशी ओला असताना कातडीला लागला तर उततो. बिब्बा उततो ना, तसाच. उगीच नाही, दोघं एकाच कुळातले. काजू आणि आंबासुद्धा त्याच घरचे. इपॉक्सी नावाच्या गोंदात सोनेरी भुकटी कालवून केलेल्या कामाला खुशाल सोनेरी जोड म्हणा, मीही करते. पण त्याला किंत्सुगी म्हणू नका. ज्यांनी त्या चिकाबरोबर आयुष्य काढलं त्यांच्यावर तो अन्याय आहे.

चिठ्ठी आली. बारा मिनिटं उरलीत. बरं, पायऱ्या घेऊ.

पहिली: गोळा करणं आणि साफ करणं. खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं हे ठरवण्याआधी खापरं गोळा करा. (हशा) कपच्या, टवके, अगदी भुगासुद्धा. प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळा; तुकडे एकमेकांवर घासले की कडा झिजतात आणि झिजलेली कड पुन्हा मिळत नाही. तुटलेल्या कडेवर पाण्याचा थेंब ठेवा. शोषला गेला, तर भांडं कमी तापमानाला भाजलेलं, सच्छिद्र मातीचं. तसाच राहिला, तर पोर्सेलिन किंवा स्टोनवेअर. सच्छिद्र भांडं भिजत घालू नका, पाण्याबरोबर मळ आत शिरून डाग पडतो. धुण्याची ब्लीच कशालाच नको. तिचे क्षार आत राहतात आणि पुढे झिलई उचलतात. सोनेरी रेघा झिलईच्या वर असतात, त्या चोळू नका.

दुसरी: कोरडी जुळवणी. इथे घाई करणार नाही, मिनिटं गेली तरी चालतील. माझं पहिलं काम म्हणजे सात तुकड्यांची एक बशी. झटपट चिकटणारा सुपरग्लू आणला आणि एकेक तुकडा बसवत गेले. तिसरा सांधा केसभर सरकला. तेव्हा तो दिसलासुद्धा नाही. पण सातवा तुकडा त्याच्या जागी जाईना, नखाच्या जाडीएवढी जागा कमी पडली. पहिल्या सांध्यातली चूक शेवटच्या सांध्यापर्यंत वाढत जाते. दुसरा धोका असा, की कधीकधी सगळे सांधे अचूक असतात, पण क्रम चुकलेला असतो. मग एखादा तुकडा बाहेरच अडकतो, कारण त्याला आत शिरायला वाटच उरलेली नसते. म्हणून गोंदाची नळी दुसऱ्या खोलीत ठेवा. तुकड्यांना चिकटपट्टीवर आकडे लिहा, बुडापासून वर या, नुसत्या चिकटपट्टीनं अख्खं भांडं उभं करा. सांध्यावरून नख फिरवा, जाताना आणि येतानाही. कुठे अडलं, तर तिथे पायरी आहे. मग सगळं सोडवा आणि पुन्हा करा. तिसऱ्यांदा हात आपोआप योग्य तुकड्याकडे जातो. गोंद आणायचा तो त्यानंतर.

तिसरी: गोंद. सुपरग्लू काही सेकंदांत घट्ट होतो, म्हणजे सुधारायला वेळच देत नाही, आणि सच्छिद्र मातीत तो शोषला जाऊन सांधा कोरडा पडतो. दोन नळ्यांतला इपॉक्सी पोर्सेलिनसाठी मजबूत, पण उन्हानं पिवळा पडतो आणि सोडवणं कष्टाचं. माझी पहिली पसंती पॅरालॉइड बी-७२. हे ॲक्रिलिक रेझिन ॲसिटोनमध्ये विरघळतं आणि वाळल्यावर पुन्हा ॲसिटोननंच सुटतं, म्हणून संग्रहालयांतही ते वापरतात. सच्छिद्र कडांना आधी त्याचंच पातळ द्रावण लावून वाळू द्या. मात्र ते साधारण ४० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतं, तेव्हा अशा वस्तू उन्हाच्या खिडकीत नकोत. ॲसिटोन चटकन पेट घेतं. खिडक्या उघड्या, ज्योत लांब.

चौथी: आधार. चिकटपट्टी सांध्याला काटकोनात, किंचित ताणून, आतून-बाहेरून लावा. मग भांडं वाळूच्या ट्रेमध्ये असं रोवा की वरचा तुकडा स्वतःच्या वजनानं जागेवर बसेल. हातात धरून बसू नका, हात थकतो आणि हलतो.

पाचवी: हरवलेल्या तुकड्याच्या जागी भराव, आणि त्यावर रंग. मातीच्या भांड्याला प्लास्टर ऑफ पॅरिस, पोर्सेलिनला इपॉक्सीत टाल्क कालवून केलेलं लुकण. मेणाच्या पातळ पत्र्याचा ठसा शाबूत बाजूवरून घेऊन तो मागे आधाराला लावा. वाळल्यावर इपॉक्सीचा भराव पाण्याच्या पॉलिश पेपरनं, ओलाच घासा; ती धूळ छातीत जायला नको. आणि रंग भरावाच्या कडेशी थांबला पाहिजे. मूळ झिलईवर एक केसही नको. का, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

एक इशारा. जोडलेलं भांडं शोभेसाठी. खाण्यापिण्यासाठी नाही, आणि कान जोडलेला कप गरम द्रव भरून उचलायला तर मुळीच नाही. सांधा मऊ होऊन सगळं अंगावर यायचं. आणि कोणता गोंद, कोणती तारीख, कुठली कपची मिळाली नाही, हे एका कागदावर लिहून वस्तूच्या आत ठेवा. आत्याच्या फुलदाणीत मी असा कागद ठेवलाय, त्यात त्या फोटोची प्रतही आहे. पक्ष्याचं डोकं मी रंगवलेलं नाही. तिथे साधा पांढरा भराव आहे.

वेळ संपली. बाजूच्या टेबलावर एका ताटलीचे नऊ तुकडे मांडलेत, चिकटपट्टी आहे, वाळूचा ट्रे आहे. गोंद मुद्दामच आणलेला नाही. या, दोघा-दोघांनी बसा. बूड कुठलं ते आधी शोधा.