मोकळा कोपरा

चित्र इथेच थांबवू. १२ फेब्रुवारी २०२३, ॲरिझोनातलं ग्लेनडेल, ५७ वा सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना. शेवटच्या क्वार्टरची साधारण १२ मिनिटं उरली आहेत. फिलाडेल्फिया ईगल्स २७, कॅन्सस सिटी चीफ्स २१. आता कोपऱ्यात पाहा. चीफ्सचा केडेरियस टोनी चेंडूची वाट पाहतोय आणि त्याच्या आसपास कोणीच नाही.

गोललाइनपासून, म्हणजे गुणांसाठी ओलांडायच्या रेषेपासून, ५ यार्डांवर अशी मोकळी जागा सहसा मिळत नाही. तिथून पुढे मैदान उरतं जेमतेम १५ यार्ड, तेही एंड झोनचे, म्हणजे त्या रेषेपलीकडच्या पट्ट्याचे, १० धरून. रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, लांब पळून जाईल ही धास्तीच नसते, म्हणून बचावपटू त्याला अगदी खेटून उभा राहतो. ज्याचा त्याने सांभाळायचा, हेच मॅन कव्हरेज. रुंदी मात्र तेवढीच राहते, ५३ यार्डांहून किंचित जास्त. म्हणून इथल्या चाली आडव्या रचतात. दोन रिसीव्हरांच्या वाटा एकमेकींना छेदायच्या आणि त्या गर्दीत बचावपटूला अडकवायचं, हा जुना उपाय. पण त्यात धक्का लागला की पंचांचा झेंडा पडण्याची, म्हणजे नियमभंग ठरण्याची, भीती असते.

चीफ्सचे प्रशिक्षक अँडी रीड यांनी धक्का न लावता काम साधलं.

चित्र थोडं मागे नेऊ. स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन चाल सुरू होण्याच्या, आधी टोनी बाहेरून आत, आडवा धावू लागतो. एवढ्या वेगाने निघालेला रिसीव्हर बहुतेक वेळा थेट दुसऱ्या टोकाला जातो. त्यामुळे ईगल्सचा बचावही त्याच अंदाजाने आत सरकतो. आणि हे पाऊल पाहा! टोनी पाय रोवतो, वळतो आणि आला तसा परत बाहेर. नेमका तेव्हाच स्नॅप. चीफ्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, पॅट्रिक महोम्स. त्याचा छोटा पास, चेंडू एंड झोनमध्ये, टचडाऊन. मला हे एक पाऊल सगळ्या चालीहून सुंदर वाटतं. बचावपटू आपल्या माणसामागे जितका इमानाने आत गेला, तितकीच जागा बाहेर मोकळी झाली.

ही हूल अचानक सुचलेली नव्हती. त्याच मोसमात ऑक्टोबरमध्ये जॅक्सनव्हिल जॅग्वार्सनी ईगल्सना अशाच चालीने चकवलं होतं, आणि चीफ्सनी ते हेरून ठेवलं होतं. शिवाय ईगल्सनी त्या मोसमात प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकना ७० वेळा सॅक केलं होतं, म्हणजे पास फेकण्याआधीच पाडलं होतं. त्यांच्यासमोर चेंडू हातात धरून थांबणं परवडणारं नव्हतं. या चालीला थांबावंच लागत नाही. त्या रात्री महोम्स एकदाही सॅक झाला नाही.

मग टोनीने पंट, म्हणजे ईगल्सनी लाथेने उडवून दिलेला चेंडू, पकडून ६५ यार्डांची धाव घेतली, आणि लगेच ४ यार्डांवरून तीच चाल, फक्त बाजू बदलून. या वेळी स्काय मूर. तोही तसाच एकटा. चीफ्स ३८–३५ ने जिंकले.

पुढच्या वर्षी, ११ फेब्रुवारी २०२४, लास व्हेगस. समोर सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स, जादा वेळ, गोललाइन ३ यार्डांवर. चीफ्सचा मेकोल हार्डमन आत धावतो, पाय रोवतो, वळतो. कोपरा पुन्हा मोकळा.