वझिरिस्तान: तोच डोंगर पुन्हा पुन्हा का जिंकावा लागतो?

नमस्कार मंडळी, इंदूरहून तुमचं स्वागत.

30 ऑगस्ट 2007. दक्षिण वझिरिस्तानात पाकिस्तानी लष्कराचा एक ताफा निघालाय. दोनशेहून जास्त जवान, बरोबर अधिकारी, हत्यारं शाबूत. वाटेत तिथला तालिबानी म्होरक्या बैतुल्ला मेहसूद याची माणसं आडवी येतात आणि अख्खा ताफा ओलीस जातो. धड चकमकसुद्धा झाली नाही. हे जवान सुटले नोव्हेंबरच्या सुरुवातीला, सरकारनं 25 कैदी सोडल्यावर.

आपल्याकडे हा किस्सा हसत हसत सांगतात. पाकिस्तानी घाबरट, विषय संपला. मला ते पटत नाही. याच लष्करानं पुढे याच डोंगरांत शेकडो जवान गमावून लढाया केल्या, आणि जिंकल्यासुद्धा. तरी दर काही वर्षांनी तिथे नव्या नावानं नवी मोहीम सुरू होतेच. जिंकलेली जागा हातात का राहत नाही, हे आज बघू.

(पडद्यावर नकाशा: अफगाण सीमा, सात एजन्सी)

हा पट्टा बघा, सात एजन्सी, म्हणजे जिल्ह्यासारखे सात विभाग. बाजौर, मोहमंद, खैबर, ओरकझाई, कुर्रम, आणि खाली उत्तर व दक्षिण वझिरिस्तान. पश्चिमेला ड्युरँड रेषा, 1893 साली इंग्रजांनी आखलेली. अफगाणिस्तानच्या एकाही सरकारनं तिला मनापासून सीमा मानलेलं नाही, आजच्या तालिबाननंही नाही. रेषेच्या दोन्ही बाजूंना त्याच पश्तून टोळ्या, तेच वझीर, तेच मोहमंद. लग्नं इकडची तिकडं. आपण इंदूरकर राजवाड्यासमोर उभे राहून अटकेपार झेंड्यांची गोष्ट सांगतो, 1758 च्या त्या स्वारीत मल्हारराव होळकर होते म्हणून. हा मुलूख अटकेच्याही पुढचा, सिंधूपलीकडचा, नैर्ऋत्येला. तिथे नीट महसूल गोळा करणं दिल्लीच्या कुठल्याच सत्तेला जमलं नाही.

इंग्रजांनी मग प्रयत्नच सोडला. त्यांनी एक वेगळी पद्धत बसवली, आणि तीच खरी मेख आहे. मुलकी कारभार नाही, कोर्ट नाही, पोलीस नाही. एक पोलिटिकल एजंट, आणि त्याच्या हाताखाली टोळ्यांचे म्होरके, म्हणजे मलिक. मलिकाला सरकारकडून नेमणूक मिळणार, त्या बदल्यात त्यानं टोळी सांभाळायची. आपल्या जुन्या वतनदारीची आठवण येईल तुम्हाला. पण वतनदाराला रयतेकडून वसुलीसुद्धा करायची असे. इथे सरकारला महसूल नकोच होता, फक्त रस्ता सुरक्षित हवा होता. रस्त्यावर पहारा द्यायला खासादार, म्हणजे टोळीतलेच बंदूकधारी, पगार सरकारचा आणि बंदूक स्वतःची.

आणि कायदा? 1901 चा फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन. एकानं गुन्हा केला तर दंड सगळ्या टोळीला. घरं पाडायची, गुरं जप्त करायची, नातेवाइकांना डांबायचं. वर अपील नाही. पाकिस्तान झाल्यावर हा कायदा जाईल असं वाटेल, पण तो 2018 पर्यंत होता. 2018! तिथल्या सगळ्या प्रौढांना मतदानाचा हक्क मिळाला तोच मुळात 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात.

इंग्रजांचं तरी धकलं का? नाही. 1936 पासून इपीचा फकीर, मिर्झा अली खान, या बंडखोराच्या मागे त्यांनी जवळपास 40,000 सैन्य लावलं. विमानातून आधी पत्रकं टाकायची, गाव रिकामं करा म्हणून, मग बॉम्ब. तो शेवटपर्यंत सापडला नाही. इंग्रज गेल्यावर त्यानं पाकिस्तानशी भांडण मांडलं आणि 1960 साली आपल्या मुलखातच वारला. 1947 च्या अखेरीस जिनांनी तिथल्या पलटणी मागे घेतल्या, रझमकची भलीमोठी छावणीसुद्धा रिकामी झाली. टोळ्या आपल्याच आहेत, त्यांच्यावर बंदूक कशाला रोखायची, असा विचार. आणि त्याच हिवाळ्यात याच टोळ्यांचे हत्यारबंद जथे काश्मीरमध्ये उतरले होते, हे आपण विसरायचं कारण नाही. सीमेवरच्या हत्यारबंद माणसाला आपल्या कामाला लावता येतं, ही सवय तिथून लागली.

सवय अंगात भिनली 1980 च्या दशकात. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात, आणि उत्तर वझिरिस्तानातलं मीरानशाह झालं त्यांच्याशी लढणाऱ्या मुजाहिदीनांचं मागचं अंगण. हक्कानी, म्हणजे पुढे अफगाण तालिबानबरोबर लढलेला गट, तिथेच वाढले. 2001 मध्ये अमेरिका काबूलला आली तेव्हा अल कायदाची आणि उझबेक, चेचेन लढवय्यांची रीघ या डोंगरांत येऊन पोचली. पाहुण्याला आसरा द्यायचा हा पश्तून रिवाज खरा, पण या पाहुण्यांकडे पैसाही बक्कळ होता, तेही लक्षात घ्या.

आता लष्कर आत शिरतं. मार्च 2004, वाना जवळचं कलूशा. चारपाचशे लढवय्यांना घेरायला गेलेलं लष्कर स्वतःच मार खाऊन बसलं.

इथे थोडं थांबतो, कारण डोंगरातली लढाई मैदानातून कळत नाही. आमचं महू इथून तासाभरावर. इन्फंट्री स्कूल तिथलं, त्यामुळे इंदूरच्या मराठी वस्त्यांत निवृत्त फौजी बरेच. त्यांच्यातल्या एका सुभेदार काकांनी मला चहाच्या टेबलावर बिस्किटं मांडून समजावलं. ताफा खोऱ्यातून जाणार, तर दोन्ही बाजूंच्या माथ्यांवर आधी आपली माणसं चढलेली पाहिजेत. ताफा पुढे गेला की ती उतरणार, पुढच्या माथ्यावर दुसरी चढलेली असणार. चढताना मरण कमी, उतरताना जास्त, कारण उतरणाऱ्याची पाठ माथ्याकडे असते. शिवाय रोज त्याच वेळी तोच रस्ता उघडलात, की सुरुंग पेरणाऱ्याचं काम सोपं. वझिरिस्तानात लष्करानं यावर सोपा तोडगा काढला: ताफा निघाला की पंचक्रोशीत संचारबंदी. बाजार बंद, आजारी माणूस घरात. जवान वाचतो, मान्य. पण असं वर्षानुवर्षं चाललं तर गावकऱ्याला लष्कर कसं दिसत असेल, याचा विचार करा.

तर कलूशानंतर काय झालं? तह. एप्रिल 2004, शकाई. पेशावरच्या कोअर कमांडरनं नेक मुहम्मद नावाच्या पोरसवदा कमांडरच्या गळ्यात सगळ्यांसमोर हार घातला. जूनमध्ये अमेरिकन ड्रोननं त्याला मारलं, पाकिस्तानातला तो पहिला ड्रोन हल्ला. फेब्रुवारी 2005 ला सरारोघा इथे बैतुल्लाशी तह. सप्टेंबर 2006 ला उत्तर वझिरिस्तानात तह. या तहांत सरकारच्या समोर कोण बसलं होतं बघा. मलिक नव्हे, जिरगा, म्हणजे टोळीची पंचायत, नावापुरती, समोर थेट बंदूकवाला. ज्या दिवशी सरकारनं त्याच्या गळ्यात हार घातला, त्या दिवशी मलिकाची पत संपली. आणि मग मलिकांना टिपायला सुरुवात झाली. त्या काही वर्षांत शेकडो मलिक मारले गेले. खबऱ्या असल्याची चिठ्ठी आणि शेजारी प्रेत, अशी पद्धत. जुनी व्यवस्था वाईटच होती, पण ती मोडली आणि जागी काहीच आलं नाही. मघाचा तो ताफा याच मोकळ्या मैदानातून चालला होता.

डिसेंबर 2007 ला बैतुल्लानं सगळ्या टोळक्यांची मोट बांधली, तेहरीक-ए-तालिबान पाकिस्तान, टीटीपी. आणि रावळपिंडीनं, म्हणजे लष्करी मुख्यालयानं, हिशेब मांडला: अफगाणिस्तानात लढतो तो चांगला तालिबान, पाकिस्तानवर उलटतो तो वाईट. म्हणून ऑक्टोबर 2009 ला दक्षिणेत बैतुल्लाच्या मेहसूद टोळीच्या मुलखावर मोठी मोहीम निघाली, आणि शेजारच्या उत्तर वझिरिस्तानाला जवळपास पाच वर्षं हात लागला नाही. तिथे हक्कानी होते, हाफिज गुल बहादूर हा कमांडर होता, दोघेही ‘चांगल्या’त मोडणारे. मार पडलेले मेहसूद लढवय्ये कुठे गेले असतील? डोंगर ओलांडून उत्तरेला. पाण्याला एका बाजूनं बांध घातला आणि दुसरी मोकळी ठेवली, असं ते झालं.

जून 2014, कराची विमानतळावर हल्ला. आठवड्यात उत्तर वझिरिस्तानात नवी मोहीम, झर्ब-ए-अझब. विमानं, तोफा, रणगाडे. दहा लाखांच्या आसपास माणसं ऐन उन्हाळ्यात, रमझानच्या तोंडावर, पायी शेजारच्या बन्नू जिल्ह्याकडे निघाली. मोहीम होणार ही बोंब महिनोन् महिने आधीपासून होती, त्यामुळे मोठे कमांडर त्याआधीच सीमेपार. 16 डिसेंबरला पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवर हल्ला झाला, 140 हून अधिक बळी, बहुतेक शाळकरी मुलं. त्यानंतर मात्र पाकिस्तानात हिंसाचार खरोखर उतरला. पुढची पाचसहा वर्षं आकडे खाली होते. लष्कराचं हे श्रेय काढून घ्यायचं कारण नाही.

घरी परतलेल्यांना मात्र मीरानशाहचा बाजार सपाट झालेला सापडला. शेतात सुरुंग, रस्त्यावर तपासनाके, कोणाचा भाऊ उचलून नेलेला. यातून 2018 मध्ये पश्तून तहफ्फुज मूव्हमेंट उभी राहिली, मंझूर पश्तीनची. निमित्त होतं नकीबुल्ला मेहसूद या वझिरिस्तानी तरुणाचं, कराचीत पोलिसांनी त्याला बनावट चकमकीत मारलं. मागण्या काय, तर सुरुंग काढा, बेपत्ता माणसं कोर्टात हजर करा, नाक्यावर अपमान थांबवा. सगळं निःशस्त्र, सगळं घटनेच्या चौकटीत. ऑक्टोबर 2024 ला पाकिस्ताननं या संघटनेवर बंदी घातली. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतली सर्वात मोठी चूक हीच. कलूशाही नाही, तहही नाहीत. बंदूकवाल्याला हार, आणि अर्ज घेऊन आलेल्याला तुरुंग.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे काय वेगळं? मिझोराम घ्या. मार्च 1966 ला मिझो बंड मोडायला आपल्या हवाई दलानं ऐझॉलवर हल्ला केला, नंतर गावंच्या गावं उठवून रस्त्याकडेला वसवली. ते पान लख्ख नाही. पण 1986 च्या करारात बंडखोरांचे नेते लालडेंगा हत्यारं खाली ठेवून आले, मुख्यमंत्री झाले, निवडणूक लढले. करार टिकला, कारण मिझो माणसाला स्वतःचं राज्य आणि विधानसभा मिळाली. वझिरिस्तानात 2018 च्या मे महिन्यात घटनादुरुस्ती करून हा पट्टा खैबर पख्तुनख्वात विलीन केला खरा, पण कबूल केलेला पैसा, न्यायालयं, पोलीस सगळं अडखळत आलं. आणि 2022 मध्ये सरकारशी झालेल्या वाटाघाटीत टीटीपीची एक प्रमुख मागणी होती: हे विलीनीकरण रद्द करा. कायदा आला की आपला धंदा बसतो, हे त्यांना सरकारच्या आधी कळलंय.

कारण तोवर वारं फिरलं होतं. ऑगस्ट 2021 ला काबूल अफगाण तालिबानच्या हाती पडलं, तुरुंगांची दारं उघडली, टीटीपीची माणसं बाहेर. अमेरिकेनं मागे टाकलेल्या रायफली आणि अंधारात बघता येणाऱ्या दुर्बिणी बाजारात आल्या. पूर्वी अंधार दोघांना सारखाच होता. आता चौकीतल्या हवालदाराला समोरचं दिसत नाही आणि समोरच्याला हवालदार दिसतो. नोव्हेंबर 2022 ला टीटीपीनं शस्त्रसंधी संपवली. जानेवारी 2023 ला पेशावरच्या पोलीस लाइनमधल्या मशिदीत स्फोट, 80 हून अधिक ठार, बहुतेक पोलीस. ज्यांना चांगले तालिबान म्हणून जपलं ते आता काबूलचं सरकार आहेत, आणि टीटीपीला हुसकावून लावायला तयार नाहीत. ऑक्टोबर 2025 मध्ये तर दोन्ही देशांच्या फौजांतच गोळीबार झाला, कतारच्या दोह्यात बसून शस्त्रसंधी करावी लागली, आणि सीमेवरचं तोरखमचं फाटक बंद झालं. माल भरलेले ट्रक दोन्हीकडे रांगेत.

बलुचिस्तान मी यात मुद्दाम घेतलं नाही. तिथलं भांडण वेगळं आहे, गॅस, खनिजं आणि ग्वादर बंदराचं, आणि तिथे लढणारे धर्माच्या नावानं लढत नाहीत. त्याला स्वतंत्र व्हिडिओ लागेल. तो पुढच्या आठवड्यात.