कोणता जोन्स?

पुण्यात पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन

परदेशात पत्रकारिता शिकायला जायचं ठरवलेली मुलं मला हमखास विचारतात, “मॅडम, तिथला स्टुडिओ कसा आहे?” स्टुडिओ चांगलाच असतो. मी ब्रिटनमधल्या वेल्सच्या राजधानीत, कार्डिफला शिकले. टॉम हॉपकिन्सन यांनी १९७० साली तिथं पत्रकारितेचा अभ्यासक्रम सुरू केला. ते आधी ‘पिक्चर पोस्ट’ या सचित्र साप्ताहिकाचे आणि पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या ‘ड्रम’ या नियतकालिकाचे संपादक होते. आज तो विभाग रेल्वे स्टेशनला लागून, बीबीसी वेल्सच्या शेजारी आहे. पण माझी खरी शाळा भरली फिट्झालन प्लेसवरच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात, वार्ताहरांच्या बाकावर.

तिथे कोर्टात फोटो काढायला १९२५च्या कायद्यानं बंदी आहे आणि परवानगीशिवाय आवाज रेकॉर्ड केला तर तो न्यायालयाचा अवमान. मग उरते वही. म्हणून त्या देशात पत्रकाराला आजही लघुलिपी शिकवतात. तिचं नाव टीलाइन. इंग्रजी अक्षरांचाच अर्धामुर्धा आकार ठेवायचा, स्वर बहुतेक गाळायचे. मिनिटाला शंभर शब्द ही कसोटी. माझी गाडी कितीतरी आठवडे साठावर अडली होती, बोटांना घट्टे पडले होते.

पहिली कोर्टाची बातमी मी लिहिली ती किरकोळ चोरीची. आरोपीचं आडनाव जोन्स. आमच्या शिक्षिकेनं त्या नावाभोवती पेन्सिलनं गोल काढला आणि बाजूला एकच शब्द लिहिला: कोणता? वेल्समध्ये जोन्स, डेव्हिस, विल्यम्स पावलोपावली भेटतात. मी आरोपीचं वय लिहिलं नव्हतं, राहतो ती गल्ली लिहिली नव्हती. म्हणजे त्या नावाचा दुसरा कुणी निरपराध माणूस उद्या सकाळी कामावर गेला की लोक त्याच्याकडे वळून बघणार, आणि ते माझ्यामुळे. म्हणून तिथं कोर्टाच्या बातमीत वय आणि गल्ली देतात, घर क्रमांक मात्र सहसा देत नाहीत. मला त्या क्षणी आपल्याकडचे पाटील आणि शिंदे आठवले. ‘संजय पाटील याला अटक’ असं आपण किती बिनधास्त छापतो!

दुसरी गोष्ट अटकेनंतरची. तिथं माणसाला अटक झाली की १९८१चा न्यायालय अवमान कायदा लागू होतो. खटल्यावर गंभीर परिणाम होईल असं काही छापता येत नाही. आरोपीचे जुने गुन्हे उकरून काढणं तर नाहीच. ‘नराधम’, ‘सराईत’ हे शब्द आपल्या मथळ्यांत निकालाच्या आधी येतात, हे मला तिथं बसून फार लागलं. बलात्कारपीडितेचं नाव न छापण्याचा कायदा मात्र आपल्याकडेही आहे, आणि तो मोडणाऱ्याला शिक्षाही आहे. नियम तिथं आहेत आणि इथं नाहीत, असं समजू नका. तिथं ते रोज, पहिल्या आठवड्यापासून, हाताला वळण लावून शिकवतात.

आता पैशाचं बोलते, कारण घर गहाण टाकून जाणारी मुलं मी पाहिली आहेत. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि स्वयंरोजगाराला पूर्ण मनाई आहे. पत्रकारितेत याचा अर्थ नीट समजून घ्या: फ्रीलान्स लेख लिहून मानधन घेणं हा स्वयंरोजगार. माझ्या वर्गातली स्थानिक मुलं लेख विकून भाड्याला हातभार लावायची, मी कॅफेत कप विसळायची. शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा आज दोन वर्षांचा आहे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या एम.ए.वाल्यांना तो १८ महिन्यांचाच मिळेल. कर्जाचा हप्ता या मुदतीवर बेतून काढा, एजंटच्या शब्दावर नको.

आणि वेल्सचंच एक सांगायचं राहिलं. तिथल्या रस्त्यावर ‘स्लो’च्या जोडीला ‘आराव’ लिहिलेलं असतं, वेल्श भाषेत. २०२१च्या जनगणनेत वेल्श बोलणारे भरले सुमारे ५ लाख ३८ हजार. आपल्या एका मध्यम जिल्ह्याएवढेही नाहीत! तरी त्यांच्या भाषेत १९८२पासून स्वतःची दूरचित्रवाहिनी आहे, कारण १९८० साली वेल्श राष्ट्रवादी नेते ग्विनफोर एव्हान्स यांनी तिच्यासाठी आमरण उपोषणाचा इशारा दिला होता. ते ऐकून मी त्या रात्री टीलाइनची वही बाजूला ठेवली आणि मराठी लघुलेखनाचं पुस्तक घरून मागवून घेतलं.

मराठी लघुलेखन आपल्याकडे आहे, राज्य सरकार त्याच्या परीक्षा घेतं, पण ते शिकतात स्टेनोच्या नोकरीसाठी. पत्रकारितेच्या वर्गात मी ते कुठे पाहिलं नाही. परदेशी जाणार असाल तर जा, मनापासून जा. पण अर्ज भरण्याआधी एक महिना शिवाजीनगरच्या कोर्टात वही घेऊन बसा. नावं लिहा, वय लिहा, गाव लिहा, आणि प्रत्येक नावापुढे स्वतःलाच विचारा: कोणता?